दोन्ही हात आडवे

आमच्या घरात जेवताना कुणी बोलत नसे, आणि त्यात शिस्तीचा काही संबंध नव्हता. बाबांना ऐकूच कमी यायचं. पोलादाच्या प्लांटच्या धडधडाटात वर्षानुवर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यांच्या कानांनी हळूहळू अंग काढून घेतलं होतं. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडलं की भिंतीपलीकडच्या साहूकाकींना वाटे, भांडण पेटलं. म्हणून आमच्याकडे तोंडापेक्षा हात जास्त चालत. क्रेनच्या सगळ्या खुणा बाबांनी घरी आणल्या होत्या. तर्जनी खाली करून हात गोल फिरवला की ‘खाली सोड’, म्हणजे वरण वाढ. तर्जनी वर करून फिरवली की ‘उचल’, म्हणजे ताट ने. एक हात आडवा, तळवा जमिनीकडे, म्हणजे थांब, पुरे. आणि फिरणाऱ्या हातावर दुसरा हात स्थिर धरला की ‘हळूहळू’. ही खूण ते तुपाच्या वेळी करत, आणि तुपाला ‘थांब’ मात्र कधीच देत नसत. आई शेवटी स्वतःच वाटी उचलून आत जायची. भंडाऱ्याचा मामा पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा बाबा त्याच्या ताटाकडे बोट करून हात फिरवत होते, याला वरण वाढ म्हणून. मामानं आधी ताटाखाली बघितलं, मग पाटाखाली, आणि मग आईला हळूच विचारलं, “काही पडलं का वं माह्यं?” तो परत जाईपर्यंत मी त्याच्यासमोर बसून जेवू शकले नाही.

बाबा वितळलेल्या लोखंडाची बादली उचलणाऱ्या क्रेनवर होते. रस्त्यावर दिसते तशी सोंडवाली क्रेन नव्हे. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रुळांवर सरकणारी, आणि तिच्या पोटाला लटकलेली बाबांची केबिन. खाली जमिनीवर ठवकर काका. ते सिग्नलमन. त्यांनी हात हलवायचा आणि बाबांनी तसं करायचं, असा दोघांचा अर्धा जन्म गेला होता. आमच्या गावाकडचेच ते, लाखनीच्या बाजूचे, आणि पंधरवड्यातून एकदा तरी आमच्याकडे पाटवडीच्या रश्शाला असायचे. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्याही खुणेवर बाबा हुक तसूभर हलवत नसत. मोठा साहेब खालून हातवारे करू लागला तरी बाबा वर ढिम्म. फक्त एक खूण अशी होती की ती कुणीही द्यावी. दोन्ही हात बाजूला आडवे, तळवे खाली, आणि झपाझप हलवायचे. म्हणजे आहे तिथं थांब. ती साहेबानं दिली, झाडूवाल्यानं दिली, नाही तर शॉप, म्हणजे प्लांटचा तो विभाग, बघायला आलेल्या पाहुण्यानं दिली, तरी ऑपरेटरनं आधी थांबायचं आणि कारण मागून विचारायचं. बाबा हे सांगताना जरा ताठ बसत. “आमाले विचार कराची परवानगीच नाही,” ते म्हणायचे. “हात दिसले का थांबलो.”

हा झाला गेटच्या आतला माणूस. शिफ्ट सुटून गेटच्या बाहेर पाऊल पडलं की हाच माणूस दुसरा व्हायचा, आणि तो एकटाच नाही, सगळेच व्हायचे. आत टोपी डोक्यावर नसली तर पुढं पाऊल टाकू न देणारे हे लोक बाहेर आले की ती पिवळी टोपी काढून स्कूटरच्या हँडलला उलटी अडकवत आणि तिच्यात भाजी घेत. जवळच्या उतई गावाहून बाया पहाटे वांगी, टमाटे, लाल भाजी घेऊन यायच्या आणि गेटसमोर ओळीनं बसायच्या. पिशवी न्यायची तर घरून आठवणीनं न्यावी लागते, टोपी काय, असतेच. सकाळी आमच्या रस्त्यानं येणारी ती स्कूटरींची रांग मला अजून दिसते: डोकी सगळी उघडी, आणि वांगी मात्र सगळी सुरक्षित. त्या दिवसांत राज्य नवं नवं झालं होतं, स्कूटरींच्या पाट्यांवरचं एमपी खोडून सीजी लिहायची धांदल होती, आणि बाबांनी तेवढ्यासाठी पेंटरला दोनदा परत पाठवलं कारण अक्षर तिरकं आलं होतं. पाटी सरळ पाहिजे. डोकं उघडं चालेल.

बाबांचा खरा घोळ मात्र नाइट शिफ्टचा होता. रात्रभर केबिनमध्ये डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस सकाळी स्कूटरवर बसला की त्याचे डोळे हिशेब चुकता करायचे. मान छातीवर यायची, झटक्यानं वर जायची, पुन्हा खाली. आई काही बोलली की त्यांचं ठरलेलं उत्तर: “स्कूटरले रस्ता माहीत आहे.” आणि एका सकाळी स्कूटरनं खरंच करामत केली. मरोद्यातले, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतले, आमचे क्वार्टर सगळे एका साच्याचे होते. तोच व्हरांडा, तीच हिरवी जाळी, स्वयंपाकघराची तीच खिडकी. बाबांनी स्कूटर साहूकाकींच्या दारात लावली, बूट साहूकाकींच्या व्हरांड्यात काढले, हातपाय साहूकाकींच्या नळावर धुतले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसले. काकी चीले घालत होत्या. घरात आलेल्या माणसाला आधी वाढायचं, एवढं त्यांना कळत होतं, त्यांनी वाढला. बाबा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी खाऊ लागले आणि चटणीसाठी बोट खाली करून हात फिरवू लागले. काकींना ती खूण कुठून कळणार? त्या म्हणाल्या, “भइया, ये तो मोर घर आय.” बाबांना ऐकू गेलं नाही. तेव्हा त्या धावत आमच्याकडे आल्या आणि आई गेली, मी मागे. बाबांनी वर न बघताच आईला सांगितलं, “आज मीठ बरोबर पडलं.”

हे वाक्य मरोद्यात पुढं कितीतरी दिवस फिरत होतं. बाया नळावर भेटल्या की एकमेकींना विचारायच्या, “आज मीठ बरोबर पडलं का?” तांदळाच्या पिठाच्या त्या पदार्थाला आई आयते म्हणायची आणि काकी चीला, त्यावरून दोघींचा जुना वाद होता, आणि बाबांनी भर सकाळी काकींच्या बाजूनं निकाल दिला होता. मी तर उशीत तोंड घालून हसले. आई हसली नाही. मला वाटलं मिठाचं लागलं असेल. दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती आणि निवडलेल्यातच पुन्हा हात घालत होती. मग म्हणाली, “वैशू, त्याइले घर दिसलं नाही. मंग चौक कसा दिसला असन?”

पाणीटाकीचा चौक म्हणजे आमच्या रस्त्याला उतईकडून येणारा रस्ता जिथं कापत जायचा तो. सकाळी तिथून धानाच्या पोत्यांचे ट्रॅक्टर यायचे, जामुलकडे सिमेंट आणायला निघालेले रिकामे ट्रक उड्या मारत जायचे, आणि कुणी कुणासाठी थांबायची पद्धत नव्हती. हॉर्न वाजवायचा आणि घुसायचं. बाबांना हॉर्न ऐकू येत नव्हता. ते तो चौक झोपेत ओलांडून आले होते, आणि पुढच्या नाइटला पुन्हा ओलांडणार होते. आईनं हे म्हटल्यावर माझं हसू जे गेलं ते गेलंच. त्या रात्रीपासून बाबा नाइटला गेले की आई पहाटे उठून दारात उभी राही आणि स्कूटरचा आवाज येईपर्यंत चूल पेटवत नसे. मी अंथरुणातून तिची पाठ बघत पडून राहायची.

तिनं उपाय केले नाहीत असं नाही. आधी डब्यात हिरव्या मिरच्या घातल्या, येताना चावत या म्हणून. बाबांनी त्या ठवकर काकांच्या डब्यात टाकल्या. मग एकदा स्कूटरची किल्ली मुगाच्या डब्यात लपवली, तर बाबा सायकल काढून गेले आणि येताना सायकलीवर पेंगत आले, जे बघायला जास्त भयंकर होतं. बसनं जा म्हटलं तर त्यांचा अपमान झाला. “वितळलेलं लोखंड लोकाइच्या डोक्यावरून नेतो मी,” ते म्हणाले. “आजवर थेंब नाही सांडला. अन् तुमी मले स्कूटर शिकवून राहिल्या?” मी तेव्हा नुकतीच दुर्गच्या कॉलेजात जाऊ लागले होते आणि माझ्या डोक्यात एकच किडा होता, स्कूटर शिकायचा. मी संधी साधून म्हटलं, “मंग मले शिकवा, मी घ्यायले येत जाईन.” बाबांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्यांची क्रेनच मागितली. “पोट्टीले रस्त्याचं काय समजते,” ते म्हणाले आणि पाठ करून झोपले. हे मला इतकं झोंबलं की मी दोन वेळा त्यांच्या चहात साखर घातली नाही. त्यांना कळलंही नाही.

शोध लागला तो बेसनाच्या लाडवामुळे. पुढं लवकरच दवाखान्यातून गोडाची बंदी झाली, आणि बाबा दुपारी सगळे झोपलेत असं बघून फडताळातून लाडू काढत. मी दारात उभी राहिले, आणि लाडू ओठांपाशी पोचतोय तेवढ्यात, का कोण जाणे, दोन्ही हात आडवे करून झपाझप हलवले. बाबांचा हात हवेत थांबला. तोंड उघडं, लाडू ओठांपासून बोटभर लांब, आणि माणूस जागच्या जागी. ते मला बघत नव्हते, माझे हात बघत होते. मग त्यांना कळलं की आपण घरात आहोत आणि समोर आपली मुलगी आहे, आणि त्यांनी लाडू खाल्ला तो रागानं. पण मला जे बघायचं होतं ते दिसलं होतं. पुढच्या काही दिवसांत मी त्यांना दाढी करताना थांबवलं, टीव्हीचं बटण फिरवताना थांबवलं, एकदा पाण्याची बादली घेऊन येताना थांबवलं आणि पाणी आईच्या पायावर सांडलं. प्रत्येक वेळी ते आधी थांबत आणि मग लाल होत. आईलाही नाद लागला होता. तिनं त्यांना तुपाच्या वेळी थांबवलं. तेव्हा मात्र बाबांनी ताट सरकवलं. ओरडले नाहीत, ते वाईट. “हे खूण खेळाची नाही,” म्हणाले. “उगाच थांब देते त्याले आमी शॉपातून बाहेर काढतो. मंग खराच थांब असला तर कोण मानन?” मी मान खाली घातली. आईनं गुपचूप तूप वाढलं.

त्याच आठवड्यात पुन्हा नाइट लागली. पहाटे आई दारात जाऊन उभी राहिली तशी मी चपला घातल्या आणि म्हटलं, दारात उभं राहून काय होणार आहे, चल. आम्ही दोघी पाणीटाकीच्या चौकात आलो. टाकीला गोल कट्टा होता, त्याच्यावर मी चढले. आई खाली शालीत तोंड गुंडाळून उभी. थंडी होती, शेकोट्यांचा धूर रस्त्यावर उतरला होता. भोंगा झाला, आणि थोड्या वेळानं स्कूटरी येऊ लागल्या, सायकली, हँडलला पिवळ्या टोप्या, टोप्यांत टमाटे. एकमेकांशी बोलत, मान मागे वळवून हसत, कुणी एक हात खिशात घालून. त्यांच्यात बाबा. मान खाली, झटक्यानं वर, पुन्हा खाली. मी उतईच्या बाजूला बघितलं तर पोत्यांनी लादलेला ट्रॅक्टर येत होता आणि त्याचा ड्रायव्हर मागं वळून, पोती सरकली का ते बघत होता. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. आईनं माझा पाय घट्ट धरला. ‘उगाच थांब’ आणि ‘खरा थांब’ यांतला फरक त्या क्षणी मला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

बाबांची मान झटक्यानं वर आली तशी मी दोन्ही हात आडवे केले. बाबांसाठी केले होते, पण तो सगळा रस्ताच प्लांटचा होता. एकदम ब्रेक लागले. पुढच्या स्कूटरी थांबल्या, मागच्या थांबल्या, सायकलवाले पाय टेकून उभे राहिले, टोप्यांतले टमाटे उड्या मारून रस्त्यावर आले. बाबा थांबले, दोन्ही पाय जमिनीवर, डोळे टक्क उघडे. आणि मग त्या सगळ्यांनी एकाच वेळी एक गोष्ट केली, जी जगात दुसऱ्या कुठल्या चौकात कुणी केली नसती. त्यांनी वर बघितलं. आयुष्यभर थांब म्हणजे डोक्यावर काहीतरी लटकतंय एवढंच त्यांना माहीत होतं. सगळी माणसं धुरातून आभाळाकडे बघत हुक शोधत होती, आणि मी कट्ट्यावरून ओरडत होते, “वर नाही, समोर बघा.” त्यांच्या समोरून, पहिल्या स्कूटरच्या चाकाला जवळजवळ घासत, पोत्यांची ट्रॉली हलत डुलत निघून गेली. ड्रायव्हरनं अजून पुढं बघितलं नव्हतं. पहिली स्कूटर बाबांची होती. मी खाली बसले तरी आई माझा पाय सोडायलाच तयार नव्हती.

बाबा स्कूटरवरून उतरले. त्यांनी स्कूटर बंद केली आणि हातानं ढकलत घरी आणली. मागून ठवकर काका, त्यांच्या मागून आम्ही. मला वाटलं आज माझं काही खरं नाही. घरी बाबा पाटावर बसले, मला समोर उभं केलं आणि काकांना बाजूला बसवलं. प्लांटमध्ये थांब दिला गेला की नंतर चौकशी होते, तशी ती आमच्या स्वयंपाकघरात सुरू झाली.

“थांब कोणं देल्ला?” बाबांनी विचारलं.

“मी.”

“कावून?”

मी एकदा आईकडे बघितलं. मग मोठ्यानं, साहूकाकींनाही ऐकू जाईल असं सांगितलं, “समोरून ट्रॅक्टर येऊन राहिला होता अन् तुमी झोपले होते.”

बाबा काकांकडे वळले. काकांनी टोपीतून उरलेला एक टमाटा काढून हातात फिरवला. “मी मागंच होतो,” ते म्हणाले. “थांब बरोबर होता, नामदेव.”

“तू दिसलीच नाही मले,” बाबा मला म्हणाले. “नुसते हात दिसले.” मग ते पुन्हा काकांकडे वळले. “ठवकर, ऑपरेटर डुलक्या घेताना सापडला तर काय करतेत?”

“खाली उतरवतेत.”

“मंग उतरवा मले.” त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्यासमोर पाटावर ठेवली. एवढ्या वर्षांत मी त्यांना कुणासमोर हार मानताना बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही तसं वाटलं नाही. ते नियमानं वागत होते, बस. आई चुलीकडे तोंड करून रडली. मग डोळे पुसून तिनं आयते वाढले, आणि बाबांनी पहिला घास घेऊन सांगितलं की मीठ बरोबर आहे. ते नव्हतं. ती त्या सकाळी मीठ घालायचंच विसरली होती, पण आम्ही तिघांनीही मुकाट्यानं खाल्लं.

माझं लायसन्स येईपर्यंत नाइटनंतर बाबा बसनं येत आणि बसमध्ये झोपून कधी कधी पुढच्या स्टॉपला उतरत. तिथून चालत यायला काही धोका नव्हता. संध्याकाळी ते मला शिकवत. माणसं स्कूटर शिकतात तशी नव्हे, क्रेन शिकतात तशी. आधी तिच्याभोवती एक फेरी, मग ब्रेक, मग हॉर्न, मग आरसा. एवढं झाल्यावरही निघायचं नाही; दारातून आईची खूण आली पाहिजे. आई आत फोडणी घालत असायची. मी स्कूटरवर, बाबा मागे, सगळं मरोदा बघतंय, आणि आम्ही आईची वाट बघतोय. ती हात पुसत येऊन एकदाची ‘चल’ची खूण करायची, पुष्कळदा चुकून तर्जनी वर करून फिरवायची, आणि बाबा म्हणायचे, “उचल म्हणून राहिली. तिले पुन्हा विचार.” 

इकडे चौकात वेगळंच सुरू झालं होतं. शिफ्ट सुटायच्या वेळी आमच्या ओळीतल्या बाया आणि पोरी पाणीटाकीच्या कट्ट्याजवळ उभ्या राहू लागल्या. कुणी पेंगत आला, कुणी मान मागं करून गप्पा मारत आला, की हात आडवे. कारण विचारलं तर सांगायचं, उगाच द्यायचा नाही, हा बाबांचा नियम मी सगळ्यांकडून घोकून घेतला होता. साहूकाकींनी त्यात स्वतःची भर घातली. टोपी हँडलला आणि टोपीत भाजी दिसली की त्या माणसाला थांबवायचं आणि भाजी आपल्या पिशवीत घ्यायची. एक फोरमन फार तडकला. काकी शांतपणे त्याची वांगी मोजत म्हणाल्या, “मुंडी ले जादा भांटा के चिंता हे का?” डोक्यापेक्षा वांग्यांची काळजी जास्त आहे का, असं. सगळा चौक हसला, फोरमनसकट. दुपारी त्या सगळ्या भाज्या एकत्र शिजायच्या आणि ओळीत वाटल्या जायच्या. चौकाची भाजी म्हणायचो आम्ही तिला. वांगी, टमाटे, भेंडी, कधी मुळा, चवीला काय असेल ती असेल. दुसऱ्या ओळीतल्या बाया येऊन आपल्या नवऱ्याच्या स्कूटरचा रंग सांगून जायच्या, त्याला जरूर थांबवा म्हणून. हळूहळू लोक रस्त्यावरचं खरं हेल्मेट घालू लागले. मग डोक्यावर हेल्मेट आहे म्हटल्यावर पिवळी टोपी भाजीसाठी रीतसर मोकळी झाली, आणि काकींची पिशवी रिकामी राहू लागली. त्यांना त्याचं खरंखुरं वाईट वाटलं.

नाइट असली की सकाळी मी गेटवर जायची. आधी टपरीवर चहा, बाबांच्या तोंडावर पाण्याचे हबके, मग ते मागे बसणार. झोपू नये म्हणून त्यांनी बोलत राहायचं असं ठरलं होतं. ते बोलायचे, आणि मागे बसून हातांनी खुणाही करायचे, ज्या मला दिसायचा प्रश्नच नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्यांना मात्र दिसत, आणि प्लांटचे लोक त्या बघून वेग कमी करत. मी आज इथं बाबांबद्दल जे काही लिहिते आहे ते बरंचसं त्या सकाळच्या रस्त्यांवर ऐकलेलं आहे. घरात कधी न बोलणारा माणूस माझ्या पाठीशी बसून बोलायचा, आणि मी समोर बघत ऐकायची. त्या सकाळी मला फार आवडत. तेव्हा हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांना ऐकू आलं नसतं, म्हणून राहूनच गेलं.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. ठवकर काका लाखनीला परत गेले, साहूकाकींचे चीले आता त्यांची सून घालते, आणि चौकात सिग्नलचे दिवे आले आहेत; लोक ते बघतात आणि तरी घुसतात. बाबा रिटायर होऊन आईबरोबर माझ्याकडे राहतात. कान जवळजवळ गेलेच, यंत्र लावायला तयार नाहीत. मध्यंतरी एकदा बाबांना दवाखान्यात नेत होते. मी गाडी चालवतेय, ते शेजारी बेल्ट लावून ताठ. फोन वाजला. ऑफिसातून होता, आणि मी नुसती मान वळवली, कुणाचा आहे एवढंच बघायला. त्यांच्या दोन्ही हातांची हालचाल डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसली. गाडीत जागा कुठली आडवे हात करायला, एक हात काचेवर आपटला आणि दुसरा माझ्या नाकासमोर आला, पण माझा पाय ब्रेककडे गेला होता. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि मग विचारलं, हातानंच, काय झालं.

“डोळे कुठं होते तुहे?” बाबा म्हणाले.

थांब बरोबर होता. फोन उचलून मी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि निघाले. तेव्हापासून असंच चाललंय. गाडीत बसलं की आधी फेरी, मग आरसा, मग फोन बाबांच्या हातात. आता तो थरथरला की ते उचलतात. पलीकडचं त्यांना काहीसुद्धा ऐकू येत नाही, साहेब असो, बँक असो, नाही तर माझी मुलगी. ते फोन कानाला लावतात, पलीकडच्यानं दम घेईपर्यंत थांबतात, आणि शॉपातल्या धडधडाटावरून ओरडावं तसं ओरडून सांगतात, “ते क्रेनवर आहे. उतरली का बोलन.”